दुसरा डाव

गेल्या दिवाळीत मुलीनं संगणकावर 'अंडरटेल' नावाचा खेळ लावून दिला. ''बाबा, खेळून बघा ना!'' ओबडधोबड चित्रं, बोलणारं फूल, रडवेलं भूत! अर्ध्या तासात मी तो बंद केला. ''काय हा पोरकटपणा!'' तिचा चेहरा उतरला.

पुढे ती शिकायला पुण्याला गेली. नाशिकचं घर शांत झालं. एका पावसाळी रविवारी मिसळ खाऊन परतलो आणि तो खेळ पुन्हा उघडला.

टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणानं बहुतांशी एकट्यानं रचलेला हा खेळ २०१५ साली आला. गंमत अशी, की समोर आलेल्या कोणालाही न मारता तो पुरा करता येतो. मी मात्र जुन्या सवयीनं वार करत सुटलो. भुयारात पडलेल्या मुलाला माया लावणारी टोरिएल दार अडवून उभी राहिली, तिलाही मारलं. मग फार वाईट वाटलं. मागे जाऊन तोच प्रसंग पुन्हा खेळलो, तिला जिवंत सोडलं. पुढे निघालो, तोच त्या फुलानं मला हटकलं. आधी मी काय केलं होतं, ते त्याला ठाऊक होतं!

आपली मुलं प्रेमानं काही पुढे करतात आणि आपण चटकन शेरा मारून मोकळे होतो. डाव पुन्हा मांडता येतो. पण आपला पहिला वार समोरच्याच्या लक्षात असतो.

संध्याकाळी मुलीला फोन केला. आधी तो शेरा मागे घेतला. मग खेळाविषयी बोललो.