वाण निवडताना आधी माती पाहा



नारायणगावला उत्तम पिकणारा टोमॅटोच पनवेलकरांनी लावावा, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत मला पटत नाही. नारायणगावच्या कोरड्या हवेतील निकष कोकणच्या दमट हवेला आणि आम्ल जमिनीला लागू पडत नाही.

इथला खरा शत्रू जिवाणूजन्य मर रोग. हिरवेगार झाड अचानक माना टाकते. खोड कापून पाण्याच्या पेल्यात धरले की दुधाळ स्राव उतरतो. रोग मातीतून येतो, म्हणून फवारणीवर पैसे घालवण्यापेक्षा प्रतिकारक वाण निवडणे शहाणपणाचे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का आभा’ आणि ‘अर्का आलोक’ हे मर-प्रतिकारक सरळ वाण आहेत. परसबागेसाठी मी तेच सुचवेन, कारण त्यांचे बी घरी राखता येते. विक्रीसाठी पिकवणाऱ्यांना ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण अधिक योग्य. तो मर, लवकर येणारा करपा आणि पाने मुरडणारा विषाणू या तिन्हींना तोंड देतो, शिवाय फळ घट्ट असल्याने वाहतुकीत टिकते. मात्र बी दरवेळी विकत घ्यावे लागते.

वाण कोणताही असो, वांगी-मिरचीच्या जागी लगेच टोमॅटो लावू नये. दुकानात बियाण्याच्या पाकिटावरचे चित्र पाहण्याआधी रोगप्रतिकाराची ओळ वाचा, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, नवीन पनवेल