अजून ऐकले कुठे आहे?

जयंत नारळीकर गेल्यानंतरची ही पहिली दिवाळी. 'यक्षांची देणगी' आणि 'प्रेषित' वाचत आमची पिढी वाढली. पृथ्वीबाहेर बुद्धिमान कोणी असेल का, आणि असेल तर आजवर भेटले का नाही, हा प्रश्न मराठीत आणि गांभीर्याने विचारण्याची सवय त्यांनी आम्हाला लावली. यंदाच्या अंकाची सुरुवात म्हणूनच त्या प्रश्नाने.

प्रश्न जुना आहे. 1950 च्या उन्हाळ्यात लॉस अलामॉसला जेवताना एन्रिको फर्मी यांनी सहकाऱ्यांना विचारले होते, ही मंडळी आहेत तरी कुठे? आपल्या आकाशगंगेत किमान 10 हजार कोटी तारे. त्यांतले कितीतरी सूर्याहून वयाने मोठे. एखाद्या प्रगत संस्कृतीने सावकाश पाय पसरले असते, तरी एव्हाना ती आपल्या अंगणात यायला हवी होती. कोणी आलेले नाही. याचा अर्थ 'कोणी नाही' असा लावण्याची घाई अनेकजण करतात. ती घाई आम्हाला मान्य नाही; आपण अजून फारसे ऐकलेलेच नाही.

नारायणगावजवळ, खोडदला, द्राक्ष-टोमॅटोच्या शिवारात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या उभ्या आहेत. विखुरलेल्या सगळ्या मिळून 30. जवळ जाऊन पाहिले तर तबकडी भरीव पत्र्याची नाहीच. बारीक पोलादी तारांची विरळ जाळी, वारा आरपार जाणारी. गोविंद स्वरूप यांच्या या रचनेमुळे एवढी मोठी दुर्बीण आपल्याला परवडली. 19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपचे 'स्कियापरेली' यान मंगळावर उतरत होते, तेव्हा त्याचा क्षीण संदेश सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून खोडदने टिपला. यान कोसळले; पण त्याआधी काही क्षणांपर्यंत ते बोलत होते, हे जुन्नर तालुक्यात ऐकू आले.

आता तेच यान सूर्याखालोखाल आपल्या सर्वांत जवळच्या ताऱ्यापाशी, प्रॉक्झिमा सेंटॉरीपाशी, ठेवून पाहा. अंतर सव्वादोन लाख पटींनी वाढते आणि संदेश जवळजवळ 5 हजार कोटी पटींनी क्षीण होतो. हा झाला सख्खा शेजारी. आकाशगंगेचा पसारा एक लाख प्रकाशवर्षांचा आहे. फ्रँक ड्रेक यांनी 1960 मध्ये पहिल्यांदा पद्धतशीर कान लावला, तो अवघ्या दोन ताऱ्यांकडे. त्यानंतर पुष्कळ काम झाले, तरी 2018 मध्ये जेसन राइट आणि सहकाऱ्यांनी मांडलेला हिशेब असा, की शोधायचे ते पृथ्वीवरचे सगळे समुद्र धरले, तर आजवर तपासून झाले आहे ते पोहण्याच्या एका लहान तलावाएवढे.

अंतरापेक्षाही मोठी अडचण काळाची आहे, असे आम्हाला वाटते. पृथ्वीवर जीवसृष्टी साडेतीनशे कोटी वर्षांहून जुनी. त्यातला बहुतेक काळ केवळ एकपेशीय जीवांचा. एका पेशीने दुसरीला पोटात सामावून घेतले आणि गुंतागुंतीची पेशी जन्मली. हा योग इतक्या दीर्घ काळात बहुधा एकदाच जुळला. डायनोसॉर 16 कोटी वर्षे नांदले, त्यांचे दुर्बिणीवाचून काही अडले नाही. उत्क्रांतीला बुद्धीची ओढ असतेच असे नाही. जीवसृष्टी ठिकठिकाणी असेल आणि बोलणारे फार विरळ असतील, अशी शक्यता आम्हाला सर्वांत जवळची वाटते.

आणि बोलणारे तरी कधीपासूनचे? 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक 1909 चा. नियमित रेडिओ प्रसारण सुरू झाले त्यानंतर, 1920 च्या सुमारास. म्हणजे आकाशात आपला आवाज जाऊ लागला, त्याहून आपली दिवाळी अंकांची परंपरा जुनी आहे. शंभर-सव्वाशे प्रकाशवर्षांपलीकडे आपण आहोत याची रेडिओवरून कोणाला खबर लागणे शक्यच नाही. दोन संस्कृती एकाच वेळी जाग्या असणे हा मोठाच योगायोग ठरेल. त्यासाठी आपल्याला आधी टिकावे लागेल, अण्वस्त्रे आणि तापती हवा सांभाळून.

नारळीकरांनी नुसत्या कथा लिहिल्या नाहीत. हैदराबादहून 41 किलोमीटर उंचीपर्यंत फुगे सोडून तिथल्या हवेत सूक्ष्मजीव शोधणाऱ्या पथकाचे ते प्रमुख शास्त्रज्ञ होते. 2005 च्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती सापडल्या. एकीला फ्रेड हॉइल यांचे आणि एकीला आर्यभटाचे नाव मिळाले. अंतराळातून जीव येतात, हे मत हिरिरीने मांडणाऱ्यांपैकी हॉइल हे एक. तरीही हे जीव बाहेरून आल्याचे सिद्ध झाले, असा दावा पथकाने केला नाही. हा संयम आम्हाला मोलाचा वाटतो. उडत्या तबकड्यांच्या चित्रफिती मोबाइलवर रोज फिरत असताना तर अधिकच.

वाचकांना एक विनंती. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, फेब्रुवारीअखेरीस, खोडदची दुर्बीण लोकांना पाहण्यासाठी खुली होते. घरातल्या मुलांना घेऊन एकदा जा, आणि त्यांच्या मनातले प्रश्न तिथल्या शास्त्रज्ञांना विचारू द्या.