दीडशे अंशांवरचं पोर्क

बदलापूरला राहणाऱ्याच्या स्वयंपाकात पहिला जिन्नस असतो वेळ. सीएसएमटीपासून आमचं स्टेशन ६७ किलोमीटरवर. दाराशी चप्पल काढेपर्यंत रात्र झालेली असते आणि गॅससमोर उभं राहून परतत-ढवळत बसायचं त्राण कुणाच्यात उरत नाही. सुट्टीच्या दिवशीही ते त्राण लगेच परत येतं असं नाही. म्हणून शनिवारी माझ्या घरी ओटीजी लागतो आणि त्यात पोर्कचा एक अख्खा तुकडा जातो. हाताचं काम अर्ध्या तासाचं, पुढचे अडीच-तीन तास ओव्हनचे. तेवढ्यात कपडे वाळत पडतात, भाजी निवडून होते, आणि कुणाशी तरी दोन शब्द निवांत बोलताही येतं.

हे मी मुद्दाम उघडपणे लिहिते आहे, कारण या विषयावर लोक माझ्याशी दबक्या आवाजात बोलतात. लिफ्टमध्ये दोघीच असलो की शेजारीण विचारते, "तुम्ही खरंच घरी करता? भीती नाही वाटत? जंत होतात म्हणे." कल्याणच्या पुढच्या आमच्या या पट्ट्यात कोंबडी सगळ्यांच्या घरी शिजते, सुकट-बोंबील शिजतात, रविवारी मटणाच्या दुकानासमोर रांग लागते. पोर्क मात्र बाहेर, हॉटेलात, कुणाला न सांगता खायचं. घरच्या भांड्यात नको. धर्माने किंवा मनाने जो वर्ज्य मानतो त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ज्यांना खायचं आहे आणि केवळ भीतीपोटी जे मागे राहतात, त्यांच्याशी मला बोलायचं आहे.

आधी किळसेबद्दल, कारण ती खोटी नाही. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहत पुढे उल्हासनगरात शिरणारी वालधुनी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना फार सांगायला नको. नाल्याच्या कडेला, कचऱ्यात तोंड घालून फिरणारी मोकाट डुकरं बघत वाढलेला माणूस "ते मटण नको" म्हणतो तेव्हा तो शहाणपणाने बोलत असतो. तसलं मटण मीही घेणार नाही. बंदिस्त जागेत, खाद्य घालून वाढवलेल्या आणि परवानगीच्या कत्तलखान्यात तपासून कापलेल्या जनावराचं मटण ही वेगळी वस्तू आहे. दुकानदाराला विचारावं, माल कुठून येतो. नीट उत्तर मिळालं नाही तर पुढे चालू लागावं. मटणात तांदळाच्या दाण्याएवढे किंवा वाटाण्याएवढे पांढुरके, पाणीदार फोड दिसले तर तो तुकडा कितीही स्वस्त असो, हात लावू नये.

हे फोड म्हणजे टीनिया सोलियम नावाच्या पट्टकृमीच्या अळ्या. मेंदूत गाठी होतात, फिट येतात, अशी जी धास्ती आहे ती याच कृमीची. धास्ती खरी आहे. जागतिक आरोग्य संघटना टाळता येण्याजोग्या अपस्माराच्या मोठ्या कारणांत याची गणना करते. पण घरोघरी जे सांगितलं जातं त्यात एक दुवा निसटलेला असतो. अळ्या असलेलं कच्चं-अर्धकच्चं पोर्क खाल्लं, तर आतड्यात पट्टकृमी वाढतो. आतड्यातला हा कृमी माणसाला फारसा त्रास देत नाही. पण त्याची अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ती अंडी पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून, सांडपाण्यावर पिकलेल्या पालेभाजीतून दुसऱ्या कुणाच्या किंवा त्याच माणसाच्या तोंडात गेली, की त्यातून निघालेल्या अळ्या रक्तातून मेंदूपर्यंत पोचतात. मेंदूतली गाठ या अंड्यांमुळे होते. त्यामुळे जन्मात पोर्क न चाखलेल्या, कांदा-लसूणही न खाणाऱ्या माणसालाही ती होऊ शकते.

याचा एक फार बोलका दाखला न्यूयॉर्कमधला आहे. तिथल्या सनातनी ज्यू वस्तीतल्या चार जणांना हा आजार झाल्याचं १९९२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. त्यांच्या धर्मात डुक्कर निषिद्ध. तपास घरात स्वयंपाक-घरकाम करणाऱ्या, कृमीचा प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशांतून आलेल्या माणसांपर्यंत पोचला. आपल्याकडेही सीटी स्कॅन आल्यावर फिट येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूत छोटे ठिपके दिसू लागले आणि अनेकांना क्षयाची औषधं सुरू झाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी, त्यांत वेदान्तम राजशेखर होते, १९९१ मध्ये दाखवून दिलं की अशा एकेकट्या ठिपक्यांमागे बरेचदा हाच कृमी असतो.

मला हे कळलं तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात पोर्कच्या आधी कोशिंबिरीची पद्धत बदलली. मध्य रेल्वेच्या रुळांकडेला, नाल्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षं पालक, माठ, मुळा पिकत आला आहे, लोकलच्या दारातून आपण सगळ्यांनी तो पाहिला आहे. पालेभाजी मी आता शिजवूनच खाते. काकडी-गाजर वाहत्या पाण्याखाली चोळून धुते आणि सोलून घेते. पोर्क नीट शिजवणं हाही या साखळीचाच भाग आहे. घरातल्या एकाच्या आतड्यात कृमी शिरू दिला नाही, तर उरलेल्यांच्या मेंदूला त्याच्यापासून धोका राहत नाही.

आणि नीट शिजवणं सोपं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अख्ख्या तुकड्यासाठीचं तापमान ७१ अंश सेल्सियसवरून ६३ वर आणलं, वर तीन मिनिटं विसावा द्या म्हणून सांगितलं. मी इतक्या काठावर जात नाही. मी खांद्याचा तुकडा घेते. जनावर आयुष्यभर चालतं ते खांद्यावर जोर देऊन, म्हणून त्या मांसात चिवट पांढरे धागे खूप असतात. ते धागे वितळून त्यांचा चिकट, मऊ रस व्हायला आतलं तापमान बराच वेळ ८५-९० च्या घरात राहावं लागतं. म्हणजे खांदा खाण्याजोगा मऊ होतो त्याच्या कितीतरी आधी तो निर्धोक झालेला असतो. नवख्या माणसाने म्हणूनच चाप किंवा पाठीचा तुकडा घेऊ नये. तो पटकन शिजतो, पण जरा जास्त झाला की लाकूड होतो, आणि त्या धाकाने माणूस लवकर बाहेर काढतो. खांद्याला अर्धा तास जास्त झाला तरी तो रागावत नाही.

आमच्या पट्ट्यात ताजं चांगलं पोर्क सहज मिळत नाही. वांद्र्याला, मालाडच्या ऑर्लेमला, वसईला मिळतं. तिकडे कामाला जाणाऱ्या कुणाकडून तरी मागवायचं, स्टीलच्या घट्ट डब्यात, बर्फाच्या पिशवीत. लोकलच्या गर्दीत दुसऱ्याच्या मनाचा विचार ठेवलेला बरा. नाहीतर गोठवलेलं घ्यायचं. गोठवलेल्याला लोक नाकं मुरडतात, मला पटत नाही. उणे १५ अंशांवर तीन दिवस राहिलं की त्या अळ्या मरतात, हा फायदा काय कमी आहे? फक्त ते ओट्यावर ठेवून वितळवू नये, आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावं.

आता कृती. किलोभर खांदा, बिनहाडाचा, वरची चरबी बोटाच्या पेराएवढी राखलेला. त्याला आदल्या रात्रीच सपाट तीन चमचे मीठ, एक चमचा जाडसर मिरी, अर्धा चमचा हळद, आलं-लसणाचं दोन चमचे वाटण आणि दोन चमचे माडीचं व्हिनेगर चोळायचं. व्हिनेगर नसलं तर कोकमाचं आगळ चालतं, मात्र त्यात मीठ असतं, तेवढं वरचं कमी करायचं. रात्रभरात मीठ आतपर्यंत मुरतं. घाईत तासाभरात लावलेलं मीठ वरच्या वर राहतं आणि कापल्यावर मधला भाग अळणी लागतो. झाकून फ्रिजमध्ये, सगळ्यात खाली, म्हणजे त्याचं पाणी दुसऱ्या कशावर ठिबकणार नाही.

दुसऱ्या दिवशी तुकडा तासभर आधी बाहेर काढायचा. ट्रेमध्ये कांद्याच्या जाड चकत्या, सालासकट चार बटाटे अर्धे करून, अख्खा लसणाचा गड्डा आडवा कापून. खोलगट पत्र्याचे ट्रे उल्हासनगरच्या बाजारात स्वस्त आणि टिकाऊ मिळतात, ओटीजीबरोबर आलेला ट्रे फार उथळ असतो आणि चरबी उकळून खाली कॉइलवर सांडते. कांद्यावर तुकडा ठेवायचा, चरबीची बाजू वर. अर्धी वाटी पाणी. वरून फॉइल, कडा घट्ट दाबून. ओटीजी आधीच तापवलेला, १५० अंशांवर, खालची-वरची दोन्ही कॉइल चालू. अडीच तास दार उघडायचं नाही. मग फॉइल काढायचं, तापमान २२० करायचं, वीस-पंचवीस मिनिटांत वरची चरबी सोनेरी होऊन तडतडू लागते. मांसात टोचायचा थर्मामीटर असेल तर मधोमध टोचून बघा, ८५ च्या वर आकडा दिसायला हवा. नसेल तर काटा घालून फिरवा, मांस धाग्याधाग्याने सुटलं पाहिजे. सुटलं नाही तर पुन्हा फॉइल लावून दीडशेवर अर्धा तास. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. लगेच कापलंत तर सगळा रस पाटावर जातो.

विजेचं विचारतात. सोळाशे वॅटचा ओटीजी तीन तास लावला तरी तो सतत तापत नाही, मधे मधे बंद होतो, त्यामुळे खर्च साधारण दोन-तीन युनिटांचा. प्लग मात्र १६ अँपियरचा आणि वायरिंग बरं हवं. जुन्या इमारतीत एक्स्टेन्शन बोर्डावर ओटीजी लावू नका, ही कळकळीची विनंती. पावसाळ्यात मधेच वीज गेली तर पहिली वीस मिनिटं दार न उघडता थांबा, आतली धग टिकते. त्याहून लांबलं तर तुकडा चार भाग करून रसासकट कुकरमध्ये घाला, मंद गॅसवर अर्धा तास. खरपूस कवच मिळणार नाही, जेवण मिळेल.

हा पदार्थ आपल्याकडे परका आहे असं समजणाऱ्यांनी जरा ठाणे-वसईकडे बघावं. ईस्ट इंडियन कुटुंबं पिढ्यान् पिढ्या मराठी बोलत आली, शेती आणि मासेमारी करत आली, आणि नाताळ-लग्नाला पोर्कचं सोरपोतेल आणि इंदयाल करत आली. त्यांची मुंबईतली संघटना १८८७ ची. वडार आणि कैकाडी वस्त्यांवर डुकरं पाळली आणि शिजवली जात आली, ती मराठी घरंच आहेत. मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांतलं अन्न शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात लिहून ठेवलं, तेव्हा कितीजणांना पहिल्यांदा जाणवलं की आपल्या पाककृतींच्या पुस्तकांतून केवढं जेवण गाळलेलं होतं. पोर्कबद्दल कुजबुजताना आपण ही सगळी माणसंही कुजबुजीत ढकलतो, याचं मला वाईट वाटतं.

वसईहून आमच्या इमारतीत राहायला आलेल्या एक मावशी आहेत. उन्हाळ्यात मसाला कुटून बाटल्या भरतात, त्यातली एक माझ्याकडे येते. मी मिरी लावते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मिरी राहू दे गं, पण आमचा बाटली मसाला एक चमचा लाव, आणि व्हिनेगरला कंजूषपणा करू नको." तेव्हापासून एका शनिवारी मिरी, एका शनिवारी बाटली मसाला. त्यांच्या माहेरी ओव्हन नव्हता. जाड बुडाच्या टोपात, झाकणावर निखारे ठेवून अख्खा तुकडा भाजत. आमच्याकडे तरी घरात ओव्हन कुठे होता? नानकटाईचं पीठ डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायचं आणि ट्रे मोजून परत आणायचे, हाच आमचा ओव्हन. आज ओटीजी बऱ्याच घरांत आहे आणि वर्षातून दोन केक सोडले तर तो कपड्याखाली झाकलेला असतो.

पाहुणे येणार असतील तर आधी फोन करून सांगते, आज पोर्क आहे, चालेल ना. कुणाला चालत नसेल तर त्यांच्यासाठी दुसरं काही, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्याने. फसवून कुणाला वाढू नये. ताटात मांसाच्या जाड चकत्या, ट्रेमधले चरबीत भाजलेले बटाटे, दाबून काढलेला मऊ लसूण आणि तांदळाची भाकरी. पाव असला तर ट्रेच्या तळाचा रस त्याने पुसून घ्यायचा. बाजूला वाफवलेली कोबी, वर लिंबू.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, आपल्या हवेत त्याहून उशीर नको. थंड झाल्यावर रसावर चरबीचा पांढरा थर जमतो, तो चमच्याने काढून बरणीत भरते. रविवारी सकाळी त्यातल्या चमचाभर चरबीत कांदा, हिरवी मिरची आणि उरलेल्या मांसाचे तुकडे परतायचे, वाफ चांगली निघेपर्यंत, आणि रात्रीचा भात त्यात मोकळा करायचा. सोमवारच्या डब्यातही तोच जातो.