आकडा सरकारी, पण गाव कोणतं? सातबाऱ्यावरचा कोड प्रत्येक यादीत हवा

मालेगाव : मोबाईलवर 'मालेगाव' टाकलं की आधी नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव येतं. तालुक्यातलं शिरपूर शोधावं तर धुळ्याचं शिरपूर पुढे येतं. माणसाला फरक कळतो, कॉम्प्युटरला तो सांगावा लागतो. सरकारी आकड्यांचा घोळ इथूनच सुरू होतो.

जुनी माहिती काढायची तर आणखी पेच. वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 ला वेगळा झाला. त्यामुळे इथल्या गावांची 1991 ची जनगणना अकोला जिल्ह्यात, तर 2001 ची वाशिममध्ये शोधावी लागते.

यावर तोड म्हणजे एलजीडी कोड. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या यादीत प्रत्येक गावाला स्वतंत्र नंबर आहे. नावाची गावं दहा असली तरी नंबर एकाचाच. 2020 मध्ये सातबाऱ्याचा नमुना सुधारला, तेव्हा गावाच्या नावासोबत हा कोड आला. बऱ्याच जणांनी तो वाचलाही नसेल.

पण नुसतं गाव ओळखून भागत नाही. पावसाचंच घ्या. अतिवृष्टी धरायची तर महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस लागतो. हवामान खात्याचा दिवस मोजला जातो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ. म्हणजे रात्री सोयाबीन पाण्यात गेलं, तरी नोंद दुसऱ्या दिवशीच्या तारखेत दिसते. ग्रुपवर नुसतं '70' फिरलं तर ते कोणत्या मंडळाचं? एका दिवसाचं की 1 जूनपासूनचं? हे माहीत नसेल तर अर्जाला तो आकडा कामाचा नाही.

आकड्यासोबतच्या या माहितीलाच मेटाडेटा म्हणतात. केंद्राच्या 2012 च्या माहिती खुली करण्याच्या धोरणातही ती ठरलेल्या नमुन्यात द्यायचं म्हटलं आहे. अर्थात, पंचनामाच चुकला तर कोड तो दुरुस्त करणार नाही. पण चूक कोणत्या गावाची, कोणत्या तारखेची, हे तरी दाखवता येईल.

नुकसानीची यादी असो की पाणीटंचाईची, त्यात गावाचा कोड, तारीख, मोजमाप आणि आकडा कोणी घेतला, एवढे चार रकाने वाढवायला फार खर्च नाही. ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात घेता येते. तोवर आपला सातबारा उघडा आणि गावाचा कोड लिहून ठेवा.