फाटा फुटण्याचा अधिकार

नांदेडहून अर्धापूरमार्गे येणाऱ्या प्रवाशास वारंगा फाटा लागतो. तेथून एक वाट कळमनुरीवरून हिंगोलीस येते आणि दुसरी हदगावावरून यवतमाळ-नागपूरची दिशा धरते. मुक्त संगणकप्रणालींच्या व्यवहारात ज्यास 'फोर्क' म्हणतात, त्यास आपल्या भाषेत 'फाटा' याहून नेमका शब्द मला सापडत नाही. आज्ञावली ज्याच्या हाती येईल त्याने ती वाचावी, बदलावी आणि मतभेद विकोपास गेल्यास तिची अक्षरशः नक्कल घेऊन आपल्या वाटेने चालू लागावे, ही मुखत्यारी तिच्या परवान्यातच लिहून दिलेली असते.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा निराळा झाला, तेव्हा जेवढा मुलूख, दप्तर आणि महसूल इकडे आला तेवढा तिकडे कमी झाला. जमिनीच्या वाटणीचा धर्मच तो. आज्ञावलीच्या फाट्यात मूळ घरचे एक अक्षरही उणे होत नाही. उणी होतात ती माणसे, आणि खरा प्रश्न तोच आहे. सन या कंपनीने २००० साली खुले केलेले ओपनऑफिस २०१० च्या आरंभी सनबरोबर ऑरॅकलच्या ताब्यात गेले, तेव्हा नव्या धन्याच्या हेतूविषयी साशंक झालेल्या कार्यकर्त्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरात लिबरऑफिस काढले. जुने नाव ऑरॅकलपाशी राहिले, पण राबणारे हात बहुतांश नव्या वाटेने गेले. उलट जीसीसी या संकलकाचा १९९७ साली फुटलेला फाटा इतका सरस ठरला, की १९९९ साली मूळ प्रकल्पाच्या धुरीणांनी त्यालाच आपला राजमार्ग मानले. केवळ अहंकारापोटी फुटलेले फाटे मला मान्य नाहीत, कारण मोजक्या कष्टकऱ्यांची त्यात निष्कारण विभागणी होते. तथापि त्या भयाने अधिकारच हिरावून घेणे हा उपाय नव्हे.

मराठीपुरते पाहावयाचे तर राज्य मराठी विकास संस्थेच्या 'यशोमुद्रा' या मुक्त टंकाचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या देवनागरी अक्षरांच्या आधारे मुंबईच्या आयआयटीत 'शोभिका' हा टंक सिद्ध झाला. संस्कृत ग्रंथांना लागणारी दुर्मिळ जोडाक्षरे आणि वैदिक स्वरचिन्हे धरून त्यात सोळाशेहून अधिक देवनागरी चिन्हे आहेत. कोणाच्या दारी अर्ज करावा लागला नाही, आणि मूळ यशोमुद्राही जागच्या जागी शाबूत राहिली. याच्या उलट, युनिकोडपूर्व काळातील बंदिस्त टंकांत लिहिलेला मराठी मजकूर तो टंक नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसतो, आणि तो दुरुस्त करण्याची सनद वाचकापाशी नसते.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. सरकारी खजिन्यातून ज्या मराठी प्रणाली, टंक आणि शब्दकोश तयार होतात, त्यांच्या करारनाम्यातच आज्ञावली खुली ठेवण्याची आणि तिचा फाटा काढू देण्याची अट असावी. म्हणजे औंढ्याच्या किंवा वसमतच्या एखाद्या विद्यार्थ्यास मुंबईच्या मंजुरीची वाट न पाहता त्यातील चूक आपल्या हाताने दुरुस्त करता येईल.