निर्णय करण्याच्या रीती

घरांत लग्नाचें स्थळ पहावयाचें असो, नवी जागा घ्यावयाची असो, किंवा मुलानें कोणत्या शाखेस जावें हें ठरवावयाचें असो. चार माणसें विचारास बसलीं कीं तासाभरांत मूळ प्रश्न बाजूस राहतो आणि एकमेकांच्या स्वभावाचा पंचनामा सुरू होतो. धाकट्याला थोरला चेंगट वाटतो, थोरल्याला धाकटा उतावळा वाटतो. पुष्कळदां खरा मतभेद पर्यायांविषयीं नसून निर्णय करण्याच्या रीतीविषयीं असतो, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

स्कॉट व ब्रूस या अमेरिकन संशोधकांनीं १९९५ सालीं या रीतींचे पांच प्रकार मांडले. पहिल्या प्रकारचा मनुष्य विचारप्रधान. तो माहिती जमवून, तुलना करून मगच पाऊल टाकतो. दुसरा अंतःप्रेरणेवर विसंबतो. कारणें सांगतां आलीं नाहींत तरी त्याचें मन कौल देतें. तिसरा परावलंबी, चार जणांस विचारल्यावांचून त्याला धीर येत नाहीं. चौथा तडकाफडकी निकाल लावून मोकळा होतो. आणि पांचवा ‘पुढें पाहूं’ म्हणून प्रश्नच टाळतो. एकाच माणसाच्या ठिकाणीं यांतील दोन-तीन रीतीही नांदूं शकतात. या रीती म्हणजे जन्मजात स्वभाव नव्हे, तर अंगवळणीं पडलेल्या संवयी होत, असें त्या संशोधकांनीं मानिलें, हा त्यांतील विशेष महत्त्वाचा भाग. संवय बदलतां येते; निदान प्रसंग पाहून आवरतां तरी येते.

विचारप्रधान रीतीचा नमुना म्हणून बेंजामिन फ्रँकलिन यांचें १७७२ मधील पत्र नेहमीं दाखविलें जातें. इंग्लंडांतील शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली हे तेव्हां लॉर्ड शेलबर्न यांच्या पदरीं नोकरी पत्करावी कीं नाहीं, या विवंचनेंत होते. त्यांनीं सल्ला विचारतां, काय ठरवावें हें सांगण्याइतकी माहिती मजजवळ नाहीं, पण कसें ठरवावें तें सांगतों, अशा अर्थाचें उत्तर फ्रँकलिन यांनीं धाडलें. कागदाच्या मधोमध रेघ ओढावी. एका बाजूस अनुकूल व दुसऱ्या बाजूस प्रतिकूल कारणें तीन-चार दिवस सुचतील तशीं लिहावीं. मग सारख्या वजनाचीं कारणें समोरासमोर खोडीत जावें, आणि जें उरेल त्यावरून निर्णय घ्यावा. या पत्रांतील खरी शिकवण त्या रेघेपेक्षां फ्रँकलिन यांच्या संयमांत आहे. वडीलधाऱ्यांस विचारणें हें आपल्या घरांतून दूषण नसून भूषणच समजलें जातें. परंतु सल्ला आणि निकाल यांतील अंतर सल्ला देणारानें राखावयास हवें.

विचाराचाही अतिरेक होतो. मनुष्याची बुद्धि, वेळ व माहिती मर्यादित असल्यामुळें तो ‘पुरेसें चांगलें’ मिळतांच थांबतो, ही कल्पना हर्बर्ट सायमन यांनीं १९५६ सालीं मांडली. पुढें शीना अय्यंगार, रेचेल वेल्स व बॅरी श्वार्ट्‌झ यांनीं नोकरी शोधणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांचा मागोवा घेऊन २००६ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वोत्तमाच्याच मागें लागणारांस सुमारें २० टक्के अधिक वेतन मिळालें होतें. तरी समाधान मात्र त्यांनाच कमी वाटत होतें. नाकारलेल्या पर्यायांकडे ज्याचें मन वारंवार धांव घेतें, त्याला हातांतील चांगली वस्तुही उणी भासते. स्थळांच्या याद्या वर्षानुवर्षें चाळणाऱ्या घरांनीं हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

याच्या उलट टोक टाळाटाळीचें. तिला आपण कधीं सबुरी म्हणतों, कधीं मोठ्यांचा मान म्हणतों. परंतु वाट पाहणें हाही एक निर्णयच होय. तो आपल्या वतीनें काळ करतो इतकेंच. आजाऱ्याची शस्त्रक्रिया, वृद्धांचें मृत्युपत्र, मुलीचें पुढील शिक्षण यांपैकीं कोणतीही गोष्ट ‘दिवाळीनंतर पाहूं’ या एका वाक्यानें हातची जाऊं शकते.

म्हणून विचारास बसण्यापूर्वीं घरानें दोन प्रश्न स्वतःस विचारावे. पहिला, हा निर्णय मागाहून फिरवितां येईल काय? सहलीचें ठिकाण किंवा भिंतींचा रंग यांसारखी गोष्ट असेल, तर ती उतावळ्या धाकट्यावर खुशाल सोपवावी. फिरवितां येण्याजोगा नसेल, तर ज्याची चेंगट म्हणून थट्टा होते त्याच्याच हातीं कागद द्यावा. मात्र निकालाची तारीख आधींच ठरवून ठेवावी. दुसरा प्रश्न, याचे परिणाम मुख्यतः कोण भोगणार? शेवटचा शब्द त्याचा. मुलीच्या लग्नाचा विचार चालला असतां कागदाच्या दोन्ही बाजू घरांतील सर्वांनीं मिळून भराव्या. खोडावयाची लेखणी मात्र तिच्याच हातीं असावी.