अभ्यासक्रम ठरवतो कोण?

बंगळुरूच्या चिकपेट भागाला लागून असलेल्या अव्हेन्यू रोडवर जुन्या पाठ्यपुस्तकांची मोठी बाजारपेठ आहे. वापरलेले पुस्तक येथे विकले जाते ते पुढच्या तुकडीलाही तेच लागेल या भरवशावर. अभ्यासक्रम बदलला की हा भरवसा संपतो, आणि कर्नाटकातील पदवी शिक्षणाचा आराखडा तीन वर्षांत दोनदा बदलला आहे.

तत्कालीन भाजप सरकारने २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून पदवी महाविद्यालयांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू केले. तसे करणारे कर्नाटक हे पहिले राज्य होते. चार वर्षांची ऑनर्स पदवी आणि नवे ऐच्छिक विषय आले. २०२३ मध्ये सत्तांतर झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस सरकारने राज्य शिक्षण धोरण आयोग नेमला आणि त्याच्या अंतरिम अहवालाच्या आधारे मे २०२४ मध्ये तीन वर्षांची पदवी पुन्हा आणली.

यातील कोणता आराखडा सरस, याबद्दल मतभेद असू शकतात. पदवी किती वर्षांची असावी हे ठरवण्याचा शासनाचा अधिकारही नाकारता येणार नाही. मात्र दोन्ही वेळा बदलाची दिशा निवडणुकीच्या निकालाने ठरली. मधल्या तीन तुकड्या त्यात भरडल्या गेल्या.

वर्गात कोणते पुस्तक शिकवावे हा प्रश्न याहून नाजूक आहे आणि तेथे शासनाचा आदेशही लागत नाही, हे मुंबईने २०१० मध्येच दाखवून दिले आहे. रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी मुंबई विद्यापीठात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला इंग्रजी विषयात होती. तीत शिवसेना आणि मराठी माणसाविषयी अपमानकारक भाषा असल्याची तक्रार आदित्य ठाकरे यांनी कुलगुरूंकडे केली. कादंबरीच्या प्रती जाळण्यात आल्या. कुलगुरू राजन वेळूकर यांनी १९९४ च्या विद्यापीठ कायद्यातील तातडीचे अधिकार वापरून ऐन सत्राच्या मध्यावर पुस्तक मागे घेतले. कादंबरी प्रसिद्ध झाली होती १९९१ मध्ये, त्याच वर्षी ती बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीतही होती. एकोणीस वर्षे जुन्या पुस्तकाबाबत तातडी ती कसली? शिकवणाऱ्यांचे मत घेण्याइतकीही सवड नव्हती काय? दबाव बाहेरून आला हे खरे, परंतु सही विद्यापीठाच्या आतूनच झाली. सत्ताधारी काँग्रेसचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनाही पुस्तकातील भाषा आक्षेपार्ह वाटली. म्हणजे विरोधी पक्षाच्या मागणीला सरकारकडूनही अडसर नव्हता.

तातडीचे अधिकार टाळून सारे रीतसर केले म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठाने २०१९ मध्ये बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या इतिहासात राष्ट्रउभारणीतील राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या भूमिकेवरील घटक समाविष्ट केला. त्यावर वादंग उठले. पदव्युत्तर अभ्यासक्रमात संघाचा विषय पूर्वीपासून असल्याचे विद्यापीठाच्या बाजूने सांगण्यात आले. संघाचा अभ्यास होऊ नये असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो कोणत्या दृष्टीने आणि कोणाच्या निवडीने, हा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार अभ्यास मंडळांवर निवडून आलेल्या शिक्षकांपेक्षा कुलगुरूंनी नामनिर्देशित केलेले शिक्षक अधिक असतात. त्यामुळे कुलगुरूंची निवड ज्याच्या हाती, त्याचा हात अभ्यासक्रमापर्यंत सहज पोहोचतो.

मंडळाने तज्ज्ञांना विचारले तरी त्यांचे ऐकले जाईलच, याचीही हमी नसते. मैसूरमध्ये जन्मलेले ए. के. रामानुजन यांचा रामकथेच्या विविध परंपरांवरील निबंध दिल्ली विद्यापीठात इतिहासाच्या पदवी अभ्यासक्रमात होता. २००८ मध्ये विभागात घुसून मोडतोड झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि चार तज्ज्ञांची समिती नेमली गेली. चौघांपैकी तिघांना निबंध ठेवण्यात गैर वाटले नाही. तरीही विद्वत परिषदेने ऑक्टोबर २०११ मध्ये तो बहुमताने वगळला.